ढाबा माझा, बाटली गिऱ्हाईकाची

प्रश्न : भाऊ, वणी रोडवर आपला छोटासा ढाबा आहे. मी दारू विकत नाई, पण पोट्टे खिशात क्वार्टर घेऊन येतात, सावजी मटन सांगतात अन् म्हणतात फक्त ग्लास अन् थंडं पाणी दे बाप्पा. नाई म्हटलं तर समोरच्याकडे जातात. माझ्यावर केस होईल का?

उत्तर : होईल ना भाऊ, अन् "मी कुठं विकली" हे तिथं चालत नाई. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चं कलम ६८ लायसन नसताना लोकायले बसून पिऊ देणाऱ्या मालकाले लागते अन् कलम ८४ तिथं पिणाऱ्याले, म्हणून एक्साइजची धाड पडली की मालक अन् गिऱ्हाईक दोघंही एकाच गाडीत. टेबलावरचा ग्लास, चकन्याची प्लेट, खाली सरकवलेली बाटली, हेच पंचनाम्यात येते. वर्धा-गडचिरोलीत तर जिल्हाच दारूबंदीचा, तिथं विषयच वेगळा. बीअर शॉपीवाल्याचं लायसन बी बसून पाजायचं नसते, त्याले परमिट रूमच लागते.

पयले डिस्पोजल ग्लास ठेवणं बंद करा, पाटी लावा (वाचत कोणी नाई, तरी लावा) अन् एखादा ऐकतच नसंल तर त्याचं मटन पार्सल बांधून द्या.