इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचा ‘टूर द फ्रान्स साउंडट्रॅक्स’ हा अल्बम ऐकावा का? इतक्या वर्षांच्या गॅपनंतर जुनी मजा राहिली आहे का?

ऐका, पण त्यांच्या ‘द मॅन मशीन’ या जुन्या अल्बमसारखी पटकन तोंडात बसणारी गाणी मिळतील या आशेवर नको.

१९८६ च्या ‘इलेक्ट्रिक कॅफे’नंतर या जर्मन मंडळींचा पूर्ण नव्या गाण्यांचा अल्बम आला तो थेट २००३ मध्ये. मधला ‘द मिक्स’ म्हणजे जुन्याच गाण्यांना नवा रंग. तोवर बँडमधले जुने वादक फ्लूर आणि बार्टोस दोघंही बाहेर पडले होते. निमित्त होतं ‘टूर द फ्रान्स’ या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीच्या शंभरीचं, आणि गंमत बघा, अल्बम बाजारात आला तेव्हा त्या वर्षीची शर्यत संपून गेली होती!

बँडचा म्होरक्या राल्फ ह्युटर स्वतः सायकलवेडा, त्यामुळे विषय वरवरचा वाटत नाही. पहिले काही ट्रॅक एकमेकांत मिसळत जातात, ते तोडून ऐकू नका. ‘एलेक्ट्रो कार्डिओग्राम’मध्ये हृदयाचे ठोके आणि श्वास यांचाच ताल केलाय. आपल्या सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्याला ही एकसुरी लय कंटाळवाणी वाटणार नाही, उलट अंगात भिनते. ‘व्हिटॅमिन’मध्ये शब्द म्हणाल तर औषधाच्या बाटलीवरचं लेबल, तरी माझं सगळ्यात आवडतं तेच. शेवटचं गाणं त्यांच्याच १९८३ च्या ‘टूर द फ्रान्स’ या सिंगलचंच नवं रूप आहे. मला जुनं जास्त भावतं.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, बास सगळा गायब होतो. हेडफोन लावा, पण सायकलवर नको. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाची ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहेच.