वहिनींना स्तनाचा कॅन्सर झालाय. आत्याचा पूर्ण स्तन काढला होता, तसा आजही काढावाच लागतो का?

दरवेळी नाही. तुमच्या आत्याचं मिरजेत ऑपरेशन झालं तेव्हा तीच रीत होती, म्हणून वहिनींचंही तसंच होईल असं धरून चालू नका. अमेरिकन सर्जन हॉल्स्टेड यांच्या जुन्या शस्त्रक्रियेत तर स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही काढत. हात इतका सुजायचा की ब्लाउजची बाही दंडावर चढत नसे. पुढे सर्जन बर्नार्ड फिशर यांनी रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना केली, त्या चाचणीचे २० वर्षांचे निकाल २००२ मध्ये आले: लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं, तरी पूर्ण स्तन काढल्याइतकंच आयुष्य मिळतं.

माझ्या मते खरा बदल सुरीपेक्षा तपासणीत झाला. बायोप्सीच्या रिपोर्टवर ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स पकडणारे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींची वाढ करवणारं प्रथिन) असं लिहिलेलं असतं, ते आधी बघा. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी, हार्मोनचा परिणाम रोखणारी रोजची गोळी, साधारण ५ वर्षं किंवा जास्त. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्याला रोखणारं ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन. ते महाग पडतं, तेव्हा महात्मा फुले योजनेत बसतं का हे दवाखान्यात आधीच विचारा. गाठ मोठी असली तर बऱ्याचदा आधी केमो देऊन ती लहान करतात, मग ऑपरेशन.