बाबांच्या नावावरची गाडी

प्रश्न: मी विलेपार्ल्याला राहते. बाबा गेले त्याला वर्ष झालं. त्यांची 2011 ची पेट्रोल होंडा सिटी दोन लाख दहा हजार किलोमीटर धावली आहे, तरी पहिल्या स्टार्टरला चालू होते. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मीच त्या गाडीतून नेते. विमा ऑनलाइन बाबांच्याच नावाने रिन्यू केला. नोव्हेंबरमध्ये आरसीची मुदत संपते. ठाण्याचा भाऊ म्हणतो, पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच काढावी लागते, आणि तशीही वडिलांची गाडी मुलाचीच. मध्यंतरी बाबांचा गाडी विकायचा विचार होता. तेव्हा सही केलेले टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे) एजंटकडे पडून आहेत. मागची तारीख टाकून गाडी माझ्या नावावर करून देतो, असं तो म्हणतो. करू का?

उत्तर: ताई, करू नका. ते फॉर्म आजच एजंटकडून परत घ्या.

हे टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म 29 आणि 30, भरणं म्हणजे मालकाने हयात असताना गाडी विकली, असं लिहून देणं. बाबांनी तुम्हाला गाडी विकलीच नव्हती. मागची तारीख टाकली की त्याच कागदावर विकत घेणारी म्हणून तुमची सही येणार, आणि एजंट नामानिराळा राहणार. उद्या भावाशी बिनसलं आणि त्याने तक्रार केली, तर खोटे कागद सादर केल्याबद्दल पोलीस तुम्हालाच बोलावतील. ‘सगळे असंच करतात’ या बचावाने कुणी सुटल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

मालक वारला असेल तर सरळ रस्ता आहे, फॉर्म 31. मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. तुमची मुदत टळली आहे. म्हणजे दंड भरावा लागेल, हक्क बुडत नाही.

तुमच्या पत्रातली मला खरी काळजी वाटली ती विम्याची. मालक गेल्यावर त्याच्या नावची मोटार पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोवरच चालते. तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. तुम्ही त्यानंतर मृत व्यक्तीच्या नावाने नवा करार केलात. वेबसाइटने हप्ता घेतला, कारण ती फक्त गाडीचा नंबर पाहते. क्लेम आला की मात्र कंपनी मृत्यूचा दाखला पाहील. गाडीला पोचा आला तर नुकसान फार तर गाडीच्या किमतीएवढं. पण एखादा पादचारी दगावला, तर त्याच्या घरच्यांना द्यायच्या भरपाईला कायद्यात वरची मर्यादा नाही. विमा कंपनीने हात वर केले, तर ती रक्कम चालवणारी म्हणून तुमच्यावर आणि बाबांच्या मालमत्तेवर, म्हणजे तुम्ही राहता त्या घरावरसुद्धा, येऊ शकते. म्हणून विमा तुमच्या नावावर होईपर्यंत आईला टॅक्सीने न्या. खर्च होईल, होऊ द्या. कंपनीला मृत्यूची लेखी खबर द्या आणि बाबांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मागायला विसरू नका. गाडी वापरणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तो मिळतो.

भावाचं ‘गाडी मुलाचीच’ हे विधान कायद्यात कुठेही बसत नाही. तुम्ही हिंदू आहात आणि बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं मी धरतो. हिंदू वारसा कायदा 1956 नुसार आई, भाऊ आणि तुम्ही वर्ग एकचे वारस आहात, तिघांचा हिस्सा सारखा. (बाबांच्या आई हयात असतील तर चौथा हिस्सा त्यांचा.) गाडी एकट्या तुमच्या नावावर करायला आई आणि भावाचं ना हरकतीचं प्रतिज्ञापत्र लागेल. भाऊ अडून बसलाच, तर दोन जुन्या गाड्यांच्या डीलरकडून किंमत काढा आणि त्याचा तिसरा हिस्सा चेकने देऊन टाका. लाख-दीड लाखाच्या गाडीसाठी कोर्टाची पायरी चढाल, तर आम्हा वकिलांची फी गाडीच्या किमतीपुढे जाईल.

पंधरा वर्षांचं म्हणाल, तर भाऊ दिल्लीचा नियम मुंबईला लावतोय. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 41 प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत गाडी पास झाली की पाच-पाच वर्षांनी वाढते. मुंबई हायकोर्टाच्या सांगण्यावरून 2025 मध्ये सरकारने पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का, याचा अभ्यास करायला समिती नेमली, त्यावरून बऱ्याच लोकांनी बंदी आल्याचं धरून टाकलंय. समिती नेमली म्हणजे बंदी झाली नाही. किलोमीटर किती झाले याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. इन्स्पेक्टर ब्रेक, दिवे, टायर, धूर पाहील. नूतनीकरणाची फी 5,000 रुपये, वर पर्यावरण कर.

आता कामाचा क्रम. नूतनीकरणाचा अर्ज मालकानेच करायचा असतो, त्यामुळे आधी नाव, मग नूतनीकरण. अंधेरी आरटीओत जाण्यापूर्वी आरसी उलटसुलट करून पाहा: कर्ज फिटलं तरी बँकेचं नाव बऱ्याच जुन्या आरसीवर तसंच असतं. असेल तर बँकेची ताजी एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचं बँकेचं नाव काढायचा) आधी. नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली नसेल तर तीही बसवा, तिच्याशिवाय आरटीओ नावबदलाला हात लावत नाही. बाबांचं सिमकार्ड मात्र बंद करू नका. गाडीच्या नोंदीला त्यांचाच नंबर जोडलेला असेल, तर ओटीपी तिथेच येईल.

शेवटचं, मेकॅनिककडे बॉनेट उघडून चासी नंबर नीट वाचता येतो का ते पाहा. मुंबईच्या खाऱ्या हवेत पंधरा वर्षांत तो गंजाखाली जातो, आणि इंजिन कितीही गुणी असलं तरी नंबर दिसला नाही तर इन्स्पेक्टर गाडी परत पाठवतो. घासायचा तो ओल्या फडक्याने. पॉलिश पेपर लावलात आणि एखादा आकडा पुसट झाला, तर नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी फार तर साठ दिवस आधी घेतात, म्हणजे नावबदल सप्टेंबरच्या आत उरकायला हवा.