हळूहळू चढणाऱ्या भीतीला काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे की फाउंड फुटेज भयपट (म्हणजे पात्रांनीच कॅमेऱ्यात टिपलेलं चित्रण नंतर सापडलंय असं भासवणारा सिनेमा) बघताना तासभर काहीच घडत नाही तरी जी भीती चढत जाते तिला मराठीत नेमकं काय म्हणावं, 'दहशत' चालेल का.

मला नाही वाटत चालेल. दहशत कोणीतरी बसवतो, गुंडाची दहशत, बिबट्याची दहशत, म्हणजे कोणाला घाबरायचं ते आधीच माहीत असतं. इथे तेच तर माहीत नसतं. 'धास्ती' बरीच जवळ जाते, पण मला विचाराल तर खरा शब्द 'चाहूल'.

आणि त्याच्या शेजारी 'भास' ठेवून बघा. भास होतो, चाहूल लागते. भास म्हटलं की तिथे कोणी नव्हतं हे आपण मान्य करून टाकतो, पण चाहूल लागली म्हटलं की कोणीतरी आहेच, फक्त अजून दिसलेलं नाही. मराठीत अर्धवट कळण्याचे बरेच शब्द 'लागणे' घेतात, कुणकुण लागते, सुगावा लागतो, मागमूस लागत नाही, जणू ती गोष्ट आपणहून येऊन आपल्याला टेकते. मला हे फार आवडतं.

आता 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' आठवा, दिग्दर्शक ओरेन पेलीने स्वतःच्याच घरात शूट केलेला, 2007 चा. बेडरूममध्ये ट्रायपॉडवर कॅमेरा, जोडपं झोपलंय, कोपऱ्यात घड्याळाचे आकडे पळतायत आणि मग दार थोडंसं हलतं, बस एवढंच. घरातल्या माणसाने सांगितलं असतं तर आपण म्हटलं असतं भास झाला असेल, पण कॅमेऱ्याला भास होत नाही ना! भासाची चाहूल होते ती त्या क्षणी, आणि या प्रकारच्या सिनेमांची सगळी ओढ मला तिथेच वाटते. 1999 च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये तर चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही, रात्री तंबूबाहेर आवाज आणि सकाळी दगडांचे ढीग, पण तिची चाहूल मात्र सतत.

एक अडचण आहे, चाहूल वसंताचीही लागते, पावसाचीही, शब्दात मुळात भीती नाहीच. म्हणून वाक्यात 'कसली तरी चाहूल' असं लिहा, त्या 'कसली तरी'ने काम होतं. आणि सिनेमा संपल्यावर चार रात्री बेडरूमचं दार घट्ट लावून झोपावंसं वाटतं त्याला मात्र चाहूल नका म्हणू, तो 'धसका'.