पर्यटन अधिकाऱ्यांना फोटो पाठवण्याआधी सड्यावर न्या

तुमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पं (खडकात कोरलेल्या आकृत्या) आहेत, पर्यटन कार्यालयात नवे प्रमुख आलेत आणि त्यांनी ‘माहिती, चांगले फोटो पाठवा, जोरात प्रसिद्धी करू’ असं कळवलंय, हे वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्या गावाचं दुखणं नेमकं इथूनच सुरू झालं. सातबारा, ग्रामसभेचा ठराव हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

फोटो इतक्यात देऊ नका. आधी साहेबांना सड्यावर आणा, तेही दुपारी.

आमच्याकडे तेव्हाच्या प्रमुखांनी (कार्यालयाचं नाव घेत नाही) जागेवर पाऊल न ठेवता माहितीपत्रक छापलं. फोटो पावसाळा सरतानाचा, भोवती हिरवं गवत आणि फुलं. माणसं आली मे महिन्याच्या सुट्टीत. सावलीला झाड नाही, प्यायला पाणी नाही, बायकांना आडोसा नाही. नकाशावरची खूण भलत्याच वाडीत, म्हणून लोक दिसेल तिथून गाड्या कातळावर घालायचे. माशाच्या आकृतीवर, शेपटीपासून कल्ल्यापर्यंत, टायरचे काळे पट्टे उठले. रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून कुणीतरी त्यांत चुना भरला. तो जांभ्याच्या भोकाभोकांत असा बसला की पुढचा पावसाळा झाला तरी कडा पांढऱ्याच. जमीन खासगी, आणि मालकांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यांनी वाटेवर काट्या टाकल्या. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, ‘आमचं काम प्रसिद्धीचं, बाकीचं दुसरं खातं बघतं.’ नकाशावरची खूण हलवायलासुद्धा पुढचा हंगाम उजाडला.

हे उत्तर मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पर्यटन प्रमुखाच्या हातात रस्ता नसतो, एसटी नसते, जंगल नसतं, स्मारक नसतं, हे मान्य. पण बांधकाम, वन, पुरातत्त्व, ग्रामपंचायत आणि जमीनमालक यांना एका टेबलाशी बसवायचं कुणी? ते त्यांनीच करायचं. नुसती पत्रकं तर कुठलाही छापखाना काढून देईल.

कास पठार बघा. 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आलं आणि गर्दीचा लोंढा सुरू झाला. मग दिवसाला 3000 माणसांची मर्यादा, आधी ऑनलाइन नोंदणी आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं बघायला लोक जातात ते गावकऱ्यांच्या घरी राहतात, घरचंच जेवतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलल्यावर पिल्लू दिसेलच असं नाही, हे त्यांना आधीच सांगितलेलं असतं. तुमच्या साहेबांना विचारा, आमच्या सड्यासाठी यातलं काय करणार? अर्थात तुमचा सडा वेगळा, माणसं वेगळी, आमचं सगळं तिथे लागू पडेलच असं नाही. कायद्याचाही मी जाणकार नाही, जमिनीचं वकिलाला विचाराच.

आणखी एक. कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ आहे. संभाव्य यादी म्हणजे वारसा दर्जा नव्हे. उत्साहाच्या भरात ‘जागतिक वारसा’ असे फलक लागतात, ते लावू देऊ नका. तुमचं गाव त्या नवांत नसेल तर मुळीच नको.

फोटोंचं म्हणाल तर चुना, खडू, रांगोळी काही लागत नाही. सूर्य उगवल्यावर किंवा मावळतीआधी तिरप्या उन्हात रेषांत आपोआप सावली पडते, नखाएवढी खोलीसुद्धा दिसते. असे दोन फोटो काढा आणि शेजारी मेमधला, करपलेल्या गवताचा एक ठेवा. तिन्ही एकत्र छापले जाणार असतील तरच द्या, आणि छापायला जाण्याआधीची प्रत बघायला मिळेल असं लेखी घ्या.

दौऱ्याची तारीख कळली की मालकांना आधी घरी जाऊन सांगा. त्या दिवशी साहेबांशी पहिलं बोलणं त्यांचं होऊ दे, सरपंचांचं नंतर.