हेडचं फेसिंग (खालचा पृष्ठभाग कापून सपाट करणं) केल्यावर जुनेच पुशरॉड (लिफ्टरची हालचाल रॉकरपर्यंत नेणारे दांडे) चालतील का? हायड्रॉलिक लिफ्टरला (कॅमवर बसणारा, आत तेल आणि सरकता प्लंजर असलेला तुकडा) प्रीलोड किती द्यावा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना प्लंजर किती दाबलेला असावा?

"जुनेच घाला" असं तुम्हाला ज्याने सांगितलं, तो आणि माझे उस्ताद एकाच तालमीतले दिसतात. "हायड्रॉलिक आहे रे, आपोआप जुळवून घेतं" हे ऐकून माझे कान किटले आहेत. जुळवून घेतं, कबूल. पण प्लंजरच्या चालीपुरतंच. चाल संपली की लिफ्टर म्हणजे नुसता लोखंडी ठोकळा.

आमच्याकडे एक जुनं इंजिन खोललं होतं. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे आडवे हात) पक्के, बोल्ट टॉर्कला आवळायचा आणि विषय संपला, ॲडजस्टमेंट नावाची गोष्टच नाही. व्हॉल्व्हचं लॅपिंग, म्हणजे सीटवर घासून घट्ट बसवणं, मी केलं होतं, दोन दिवस घासून. इंजिन बांधलं, सुरू केलं, तर दोन सिलिंडर लंगडे. कॉम्प्रेशन घेतलं, त्या दोघांतच कमी. उस्तादांनी गेजकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "लॅपिंग कच्चं."

मी त्यातला एक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला आणला, प्लगच्या भोकातून हवा सोडली आणि सायलेन्सरला कान लावला. सुंऽऽ आवाज. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होता. उस्ताद हसले. मग मी त्याच व्हॉल्व्हच्या रॉकरचा बोल्ट ढिला केला. दोन-तीन आटे फिरले आणि आवाज बंद, चिडीचूप! सीट ठणठणीत होती, व्हॉल्व्हला बसूच दिलं जात नव्हतं.

मग हिशेब मांडला. मूळ प्रीलोड १.३ मिमी. हेडचं फेसिंग आधी एकदा आणि आता परत, मिळून ०.९. गॅस्केट ०.३ ने पातळ. वर त्या दोन एक्झॉस्टच्या सीट जास्त कापाव्या लागल्या होत्या, त्यामुळे व्हॉल्व्हची शेंडी १ मिमी वर आली. रॉकरचं गुणोत्तर १.५, म्हणजे पुशरॉडच्या बाजूला ०.६७. बेरीज ३.१७. प्लंजरची चाल होती ३. बाकीचे कसेबसे वाचले होते, हे दोन तळाला टेकले. १.९ मिमी आखूड पुशरॉड घातले आणि इंजिन गुपचूप चालायला लागलं.

आता तुमचं. रॉकर स्टडवर नटाने आवळायचे असतील तर प्रीलोड नट ठरवतो. पुशरॉडच्या लांबीवर ठरते ती रॉकरची भूमिती, म्हणजे तो शेंडीवर नेमका कुठे टेकतो ते. शेंडीला मार्कर लावा, इंजिन हाताने फिरवा आणि घासल्याचा पट्टा बघा. अरुंद हवा, शेंडीच्या काठावर गेलेला नको. रॉकर पक्के असतील तर लांबी हाच प्रीलोड. मग लांबी कमी-जास्त होणारा तपासणीचा पुशरॉड घ्या, कॅम बेस सर्कलवर (त्याच्या गोल भागावर, जिथे व्हॉल्व्ह बंद असतो) ठेवा, रॉकर पूर्ण टॉर्कला आवळा आणि पुशरॉड वाढवत न्या. वर-खाली खेळ जिथे नेमका संपतो ती शून्याची लांबी. त्यात प्रीलोड मिळवा. ०.५ ते १.५ मिमी ही नेहमीची पट्टी, मी १ च्या आसपास थांबतो. कमी झाला तर टकटक, जास्त झाला तर आमचं झालं तसं.

शून्य शोधताना पुशरॉड बोटांत गोल फिरवून "जड लागला की झालं" असं करू नका. उस्ताद तसंच करतात. प्लंजरची स्प्रिंग इतकी मऊ असते की बोटाला जड लागेपर्यंत प्लंजर आत गेलेला असतो. वर-खाली हलवून बघा. यावर आमचं तीन वेळा वाजलंय.

स्टडवाल्यांनी अजून एक ऐका. ३/८ इंच, २४ आट्यांच्या स्टडवर अर्धा फेरा म्हणजे नट ०.५३ मिमी खाली, पण १.५ च्या रॉकरला प्लंजर त्याच्या १.६७ पट, म्हणजे जवळपास ०.९ मिमी दबतो. अर्ध्या फेऱ्याला अर्धा मिलिमीटर धरणारे इथेच फसतात.

हो, आणि हे आधीच सांगायला हवं होतं: लिफ्टर तेलाने भरलेले असतील तर आवळल्यावर लगेच क्रँक फिरवू नका. तेल झिरपून प्लंजर खाली बसेपर्यंत व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि पिस्टनला भिडू शकतात. कमी चालीच्या लिफ्टरना वर दिलेली ०.५ ते १.५ ची पट्टी लागू नाही, त्यांच्या मॅन्युअलचा आकडा घ्या. पुशरॉड मागवताना लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजली आहे की गेजची, तेही विचारा. दोन्ही पद्धती चालतात आणि आकडे जुळत नाहीत.

उस्ताद अजूनही म्हणतात की लॅपिंग कच्चंच होतं, मी नंतर गुपचूप परत केलं. ते हेड त्यानंतर उतरवलेलंच नाही.