सुंभ जळतो, पीळ राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: द्विगोलाचा, म्हणजे चेंडूच्या नुसत्या पृष्ठभागाचा, तिसरा होमॉलॉजी ग्रुप शून्य आहे. मग त्याचा तिसरा होमोटॉपी ग्रुप पूर्णांकांचा ग्रुप कसा? (होमॉलॉजी अवकाशातल्या त्या त्या मितीच्या पोकळ्या मोजते. तिसरा होमोटॉपी ग्रुप त्रिगोलावरून तिथे जाणारे मॅप मोजतो, हळूहळू एकमेकांत बदलता येणारे मॅप एकच धरून.) लांब एक्झॅक्ट सीक्वेन्स, म्हणजे असे ग्रुप एकमेकांशी जोडणारी साखळी, लावला की तसं उत्तर येतं हे तुम्हाला मान्य आहे, पण ‘येतं, पटत नाही’ असं तुम्ही लिहिलंय.

एम.एस्सी.ला असताना माझंही अगदी हेच झालं होतं. फळ्यावर दोन ओळी आल्या: त्रिगोलाला द्विगोलावर नेणाऱ्या हॉफ मॅपचे तंतू, म्हणजे एकाच बिंदूवर येऊन पडणाऱ्या बिंदूंचे संच, वर्तुळं आहेत, वर्तुळाचे दुसरा आणि तिसरा होमोटॉपी ग्रुप शून्य, म्हणून द्विगोलाचा तिसरा ग्रुप त्रिगोलाच्या तिसऱ्या ग्रुपसारखाच, म्हणजे पूर्णांकांचा. सिद्धता बिनचूक आहे. पण आकुंचनाला, म्हणजे मॅप हळूहळू एका बिंदूत आकसण्याला, नक्की काय अडवतंय, हे तिच्यातून दिसत नाही. ते बघायचं तर मॅपची प्रतिमा विसरा आणि उलट्या दिशेनं बघा: द्विगोलावरच्या एका बिंदूवर त्रिगोलातलं काय काय येऊन पडतं?

त्रिगोल म्हणजे क्ष आणि य या संमिश्र संख्यांच्या अशा जोड्या, की दोघांच्या मापांच्या वर्गांची बेरीज १ येते. हॉफ मॅप त्या जोडीला ‘य भागिले क्ष’ या संख्येकडे पाठवतो. संमिश्र प्रतल आणि त्यात अनंताचा एक बिंदू, हाच आपला द्विगोल. आता ० वर काय येतं? य शून्य असलेल्या जोड्या, म्हणजे एक वर्तुळ. अनंतावर काय येतं? क्ष शून्य असलेल्या जोड्या, म्हणजे दुसरं वर्तुळ. या दुसऱ्या वर्तुळावरच्या एका बिंदूतून त्रिगोलाचं स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण आपल्या नेहमीच्या त्रिमितीय अवकाशात करा. पहिलं वर्तुळ आडव्या प्रतलातलं एकक वर्तुळ होतं आणि दुसरं होतं उभा अक्ष, ज्याची दोन्ही टोकं अनंतात जुळलेली आहेत. अक्ष वर्तुळाच्या चकतीला बरोबर मध्यावर, एकदाच भोसकतो. म्हणजे ही दोन वर्तुळं साखळीच्या दोन कड्यांसारखी एकमेकांत अडकलेली आहेत. हेच दोन बिंदू निवडायला हवेत असंही नाही. कोणतेही दोन घेतले तरी त्यांच्या कड्या अशाच एकदा अडकलेल्या असतात. घरातल्या दोन कड्या एकमेकींत अडकवून समोर ठेवा, पुढचं सगळं त्यांच्याकडे बघत वाचता येईल.

समजा हॉफ मॅप हळूहळू बदलत बदलत अचल मॅप झाला, म्हणजे सगळा त्रिगोल एकाच बिंदूत गेला. हा हळूहळू होणारा बदल, म्हणजे होमोटॉपी, गुळगुळीत करून घ्यायला काही अडचण नसते. आता द्विगोलावर दोन चांगले, म्हणजे रेग्युलर, बिंदू घ्या आणि ते दोन्ही शेवटच्या त्या एका बिंदूहून वेगळे ठेवा. वेळ पुढे सरकते तशा त्यांच्या पूर्वप्रतिमा, म्हणजे त्यांच्यावर येऊन पडणारे बिंदू, ‘त्रिगोल गुणिले काळ’ या अवकाशात एकेक पृष्ठ आखत जातात. ही दोन पृष्ठं एकमेकांना कधीच शिवत नाहीत, कारण कुठलाही बिंदू एकाच क्षणी दोन ठिकाणी जाऊ शकत नाही. आणि पृष्ठं शिवत नसतील तर दोन्ही टोकांना अडकण्याची संख्या सारखीच असली पाहिजे. सुरुवातीला ती १ आहे. शेवटी दोन्ही पूर्वप्रतिमा रिकाम्या आहेत, म्हणजे ०. हा विरोधाभास झाला, आणि आकुंचनाला अडवणारी गोष्ट इतकीच आहे.

तुम्ही सीक्वेन्सऐवजी याच संख्येनं विचार करायची सवय लावावी, असं मला मनापासून वाटतं, कारण तिनं गणितं हातावर सुटतात. हॉफ मॅपनंतर द्विगोलाचा स्वतःवर जाणारा २ डिग्रीचा, म्हणजे त्याला स्वतःवर दोनदा गुंडाळणारा, मॅप लावला तर काय होईल? बहुतेक जण पटकन २ म्हणतात. कड्या मोजून बघा. आता एका बिंदूवर दोन कड्या येतात, दुसऱ्या बिंदूवर दोन, आणि यातली प्रत्येक त्यातल्या प्रत्येकीत एकदा अडकलेली. उत्तर ४. तोच २ डिग्रीचा मॅप त्रिगोलावर, म्हणजे हॉफ मॅपच्या आधी लावला, तर उत्तर २ येतं. आणि द्विगोल आरशात उलटा केला, डिग्री उणे १, तर उणे १ चा वर्ग १. म्हणजे होमोटॉपीच्या दृष्टीनं हॉफ मॅप होता तसाच राहिला.

आता होमॉलॉजीला हे का दिसत नाही? होमॉलॉजी विचारते की त्रिगोलाचं सायकल, म्हणजे कडा नसलेली बंद आकृती, द्विगोलात गेल्यावर त्याचं काय उरलं. द्विगोलात तिसऱ्या मितीचं काही नाहीच, त्यामुळे उत्तर शून्य. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं आहे हे. प्रतिमेचा सुंभ जळून गेला, तंतूंचा पीळ तसाच आहे. आणि तो पीळ कोहोमॉलॉजीला, म्हणजे होमॉलॉजीच्या गुणाकार असलेल्या जोडीदाराला, दाखवताही येतो, फक्त थोडी सोय करून द्यावी लागते. हॉफ मॅपनं द्विगोलावर चार मितींचा भरीव गोळा चिकटवा. तयार होतं ते संमिश्र प्रक्षेपी प्रतल. तिथे दुसऱ्या मितीच्या कोहोमॉलॉजी घटकाचा स्वतःशी कप गुणाकार (कोहोमॉलॉजीतला गुणाकार) शून्य नसतो. हॉफ मॅप आकुंचित होत असता तर तिथे द्विगोल आणि चतुर्गोल एका बिंदूत जोडलेले मिळाले असते, आणि त्यात तो गुणाकार शून्य आहे. दोन्हींचे होमॉलॉजी ग्रुप मात्र हुबेहूब सारखे आहेत.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हाइन्झ हॉफ यांनी हा मॅप १९३१ साली प्रसिद्ध केला. १९३२ मध्ये झुरिकच्या आंतरराष्ट्रीय गणित अधिवेशनात गणितज्ञ एदुआर्द चेख यांनी उच्च होमोटॉपी ग्रुपांची व्याख्या मांडली. हे ग्रुप क्रमनिरपेक्ष निघतात, मग त्यातून होमॉलॉजीपेक्षा नवं काय मिळणार, अशी शंका गणितज्ञ अलेक्झांड्रॉफ आणि खुद्द हॉफ यांनीच घेतल्याचं सांगतात. अधिवेशनाच्या इतिवृत्तात चेख यांचा जेमतेम एक परिच्छेद आला. पुढे १९३५ पासून गणितज्ञ हुरेविच यांनी हे ग्रुप पुन्हा उभे केले. होमॉलॉजीपेक्षा नवं काय, याचं उत्तर तर हॉफ यांनी वर्षभर आधीच छापलेलं होतं. तेव्हा तुमची शंका चुकीची वगैरे मुळीच नाही. त्या काळच्या सर्वांत जाणत्या माणसांनाही ती पडली होती.

तुमचा दुसरा प्रश्न होता की सस्पेन्शन घेतलं, म्हणजे चतुर्गोलावरून त्रिगोलावरचा मॅप केला, तर पूर्णांकांच्या जागी फक्त दोन घटकांचा ग्रुप का उरतो. एका बिंदूची पूर्वप्रतिमा अजूनही वर्तुळच आहे, पण आता ते चार मितींत आहे. तिथे दोन कड्या सहज सुटतात, त्यामुळे अडकणं मोजून उपयोग नाही. उरतो तो वर्तुळाभोवतीच्या चौकटीचा, म्हणजे त्याच्या प्रत्येक बिंदूपाशी काटकोनात धरलेल्या दिशांचा, पीळ. त्रिगोलात कडीला काटकोनात दोनच दिशा असतात, म्हणून पीळ १, २, ३ असे कितीही आणि सगळे वेगळे. चतुर्गोलात काटकोनात तीन दिशा मिळतात आणि तीन मितींतल्या भ्रमणांच्या अवकाशात दोन पूर्ण फेऱ्या सुटून जातात.

हे हातानं करून बघता येतं. पिशवीचा लांब पट्टा घ्या, एक टोक जड पुस्तकाखाली दाबा आणि दुसऱ्या टोकाला एकाच दिशेनं दोन पूर्ण पीळ द्या. आता ते टोक अजिबात न फिरवता, त्याचं तोंड तसंच ठेवून, पट्ट्याच्या मधल्या भागाभोवतून एकदा फिरवून आणा. एका बाजूनं नेलं तर पीळ वाढतील, दुसऱ्या बाजूनं नेलं तर पट्टा सपाट होईल. मग एकच पीळ देऊन हेच करून बघा. तो काही केल्या सुटत नाही, फार तर उलट्या दिशेचा होतो. हा न सुटणारा एक पीळ म्हणजेच तुमच्या दोन घटकांच्या ग्रुपमधला शून्येतर घटक. फ्रॉइडेंथाल यांच्या १९३७ च्या प्रमेयानुसार पुढे कितीही सस्पेन्शन घेतली तरी तो टिकून राहतो.